महाराष्ट्रातील असुरक्षित गर्भपात

आवश्यक कौशल्य नसलेल्या व्यक्तीकडून, किंवा किमान वैद्यकीय निकष पाळले न जाणाऱ्या ठिकाणी गर्भधारणा संपवली जाणे, यास जागतिक आरोग्य संघटना असुरक्षित गर्भपात म्हणते. जगात दरवर्षी सुमारे ७.३ कोटी गर्भपात घडवून आणले जातात व त्यांपैकी सुमारे ४५ टक्के असुरक्षित असतात, असा संघटनेचा अंदाज आहे. भारतात १ एप्रिल १९७२ पासून ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे. महाराष्ट्रात असुरक्षित गर्भपात टिकून राहण्याचे कारण त्यामुळे कायद्याच्या अभावात शोधता येत नाही. गुप्ततेची गरज, उशीर, प्रशिक्षित डॉक्टरांची टंचाई आणि गर्भलिंगनिदानविरोधी कारवाईची कायदेशीर गर्भपातावर पडलेली छाया ही कारणे अधिक महत्त्वाची आहेत.

== पार्श्वभूमी ==

एकोणिसाव्या शतकात नको असलेल्या गर्भधारणेचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम विधवांच्या संदर्भात जाहीरपणे मांडला गेला. पुनर्विवाहास बंदी असलेल्या जातींतील विधवेला दिवस गेल्यास लपूनछपून गर्भ पाडणे, जन्मलेले मूल मारणे किंवा स्वतः जीव देणे, एवढेच मार्ग उरत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे विधवेला गुप्तपणे बाळंत होण्याची सोय होती. फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा. सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ मध्ये अर्भकहत्येचा खटला झाला. त्या निमित्ताने वृत्तपत्रांत स्त्रीजातीवर झालेल्या टीकेला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ या ग्रंथातून उत्तर दिले.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणासाठी केलेला गर्भपात गुन्हा ठरवला होता. गर्भ पाडून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून गर्भनिरोधनाचा प्रचार केला.

== कायदा ==

केंद्र शासनाने १९६४ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. बेकायदा गर्भपातांमुळे होणारे मृत्यू हा समितीच्या १९६६ च्या अहवालाचा मुख्य आधार होता. त्यातून वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ अस्तित्वात आला. हा कायदा स्त्रीला गर्भपाताचा हक्क देत नाही. अटी पाळणाऱ्या डॉक्टरला तो दंड संहितेपासून संरक्षण देतो. निर्णय स्त्रीचा असला तरी त्यावर मोहोर डॉक्टरचीच उमटावी लागते, आणि पुढील अनेक अडचणी याच रचनेतून निघाल्या आहेत.

२४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. अत्याचारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा अथवा घटस्फोटित झालेल्या इत्यादी स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे गर्भात गंभीर विकृती असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्याच्या तरतुदीत पूर्वी ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ असे शब्द होते. आता ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांची मर्यादा लागू केली.

प्रौढ स्त्रीच्या बाबतीत केवळ तिचीच संमती लागते. पतीची सही कायद्याने कधीच आवश्यक नव्हती. तरीही पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९० च्या दशकात ‘सेहत’ या संस्थेने केलेल्या अभ्यासात डॉक्टर पतीची सही मागतात, असे स्त्रियांनी सांगितले. ही सवय अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. जिला ही गोष्ट पतीपासून किंवा सासरपासून लपवायची आहे, तिच्यापुढे अशा वेळी सही न मागणारा भोंदू तेवढा उरतो.

== मोजमापाची अडचण ==

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकातील अभ्यासानुसार २०१५ मध्ये भारतात सुमारे १.५६ कोटी गर्भपात झाले. त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर गोळ्यांनी, तर ५ टक्के रुग्णालयाबाहेर अन्य मार्गांनी झाले. नऊ राज्यांतील माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात मात्र ६७ टक्के गर्भपात असुरक्षित ठरले. एवढी तफावत बरीचशी व्याख्येतून येते. योग्य मात्रेत, योग्य आठवड्यात, माहिती घेऊन घेतलेली गोळी आणि दुकानदाराच्या अंदाजाने घेतलेली गोळी यांची गणना एकत्र करायची की वेगळी, यावर आकडा बदलतो. पहिल्या अभ्यासासाठी रुग्णालयांची पाहणी झालेल्या सहा राज्यांत आणि दुसऱ्या अभ्यासातील नऊ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नाही. हे राष्ट्रीय आकडे राज्याला जसेच्या तसे लावणे म्हणूनच योग्य नाही.

नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० मध्ये महाराष्ट्राचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. देशाचा दर ९७ होता. मृत्यू कमी झाले म्हणून हानीही तेवढीच कमी झाली, असे मात्र नव्हे. अपूर्ण गर्भपात, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, गर्भाशयाला पडलेले छिद्र आणि पुढे येणारे वंध्यत्व यांची नोंद मातामृत्यूच्या आकड्यात होत नाही.

== परभणी व परिसर ==

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांआधी झालेला आढळला. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे आणि नंतर स्त्रीची नसबंदी, असा क्रम येथे सामान्य आहे. पहिले मूल आणि नसबंदी यांच्या मधल्या वर्षांत तात्पुरत्या गर्भनिरोधकांचा वापर अपुरा राहतो, आणि नको असलेली गर्भधारणा बहुधा याच काळात होते. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबांचा गावच्या आशा कार्यकर्तीशी संपर्क काही महिने तुटतो.

परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी (नृसिंह) यासारख्या गावातील स्त्रीला विशेषज्ञांची सेवा हवी असल्यास परभणी किंवा गंगाखेड गाठावे लागते. शासकीय रुग्णालयांना गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही, परंतु प्रशिक्षित डॉक्टर मात्र लागतो. एका दिवसाची मजुरी, सोबतीला माणूस आणि घरी सांगायचे कारण, एवढे जमेपर्यंत आठवडे उलटतात. गोळ्यांनी गर्भपाताची अनुमत मर्यादा ९ आठवड्यांचीच आहे. ग्रामीण भागात ‘पिशवी साफ करणे’ या नावाने चालणारी कामे अनेकदा बी.ए.एम.एस. किंवा होमिओपॅथीचे डॉक्टर करतात. कायदा त्यांना ती परवानगी देत नाही.

== गर्भलिंगनिदानाशी गल्लत ==

गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ चा. तरीही राज्यातील ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. याच लोहमार्गावरील परळी येथे २०१२ मध्ये अशा गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात २०१९ मध्ये डॉक्टर दांपत्याला १० वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेली १९ अर्भके सापडली; तेथील डॉक्टर होमिओपॅथीचा होता. दोन्ही ठिकाणी प्रकार उघडकीस आला तो स्त्रीच्या मृत्यूनंतर.

परळी प्रकरणानंतर राज्यात अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर ठेवली आणि अनेक औषध दुकानांनी त्या ठेवणेच बंद केले. वास्तविक सोनोग्राफीवर गर्भाचे लिंग साधारणतः १२ आठवड्यांनंतर ओळखता येते, तर या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच वापरल्या जातात. गोळ्यांवरील धाक लिंगनिवडीला त्यामुळे फारसा अडथळा ठरत नाही. अडते ती लवकर, कायदेशीर मार्गाने येणारी स्त्री. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द सरसकट सर्व गर्भपातांना लावल्यानेही हा गोंधळ वाढला आहे.

== अल्पवयीन मुली ==

१८ वर्षांखालील मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. शिवाय २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बालविवाह झालेल्या मुलीच्या बाबतीत हे कळवणे म्हणजे तिच्या पतीवर गुन्हा दाखल होणे, म्हणून कुटुंबे रुग्णालय टाळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना दिलेल्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. स्त्रीची ओळख अनधिकृत व्यक्तीला सांगणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.