खडकी, दौंड, खराडी: बिनतारी लहरींची बदलती वाट

मुळा-मुठेच्या काठचे खराडी गाव 1997 साली पुणे महापालिकेत आले आणि पुढच्या दोन दशकांत तेथील शेतांवर संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. हा अलीकडचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मात्र नकाशावर खडकीहून दौंडपर्यंत सरळ रेषा ओढली तर ती खराडीच्या आसपासून जाते, आणि त्या रेषेची दोन्ही टोके बिनतारी संदेशवहनात फार आधीपासून होती. 1927 साली इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने इंग्लंडशी ‘बीम वायरलेस’ सेवा सुरू केली, तेव्हा प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला ठेवण्यात आले. कारण दोन्ही शेजारी असती, तर हजारो मैलांवरून आलेला क्षीण संदेश खडकीच्या प्रबळ लहरींत बुडून गेला असता. व्यत्यय टाळण्याचा त्या काळचा एक उपाय म्हणजे हे पाऊणशे किलोमीटरचे अंतर. दुसरा उपाय दिशेचा: उंच मनोऱ्यांवरून अनेक तारा ओळीने टांगायच्या, मागे परावर्तक तारांचा पडदा लावायचा आणि सारी ऊर्जा एकाच दिशेला वळवायची.

लहरींची वाट मात्र कोणाच्या ताब्यात नव्हती. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होतात, आणि हे थर दिवसरात्र व ऋतुमानानुसार बदलत असल्याने एकच संदेश अनेक वाटांनी, मागेपुढे पोहोचतो. त्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी पुसून टाकतात. या चढउताराला क्षीणन म्हणतात, आणि अभियंत्यांच्या दृष्टीने तो दीर्घकाळ निव्वळ उपद्रव होता.

त्याचा गणिती विचार करणाऱ्यांच्या अग्रभागी एक पुणेकर होता. 1935 साली पुण्यात जन्मलेले थॉमस कैलथ सेंट व्हिन्सेंट्स शाळेत शिकले, 1956 साली येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन एमआयटीत गेले, आणि 1961 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती यादृच्छिकपणे बदलणाऱ्या संदेशमार्गांवरील संशोधनासाठी. अशा मार्गाचे मोजमाप नेमके केव्हा शक्य असते, याची अट त्यांनी मांडली: प्रतिध्वनींचा कालविस्तार आणि मार्ग बदलण्याच्या वेगामुळे कंप्रतेत येणारा पसारा यांचा गुणाकार एकापेक्षा कमी हवा. मोजून होण्याआधीच वाट बदलत असेल, तर मोजणे व्यर्थ. पुढच्या सर्व प्रगतीवर ही अट पहारा देत राहिली.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले नौदल अधिकारी आरोग्यस्वामी पॉलराज पुढे स्टॅनफर्डला कैलथांकडे आले. या दोघांच्या नावे 1994 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पेटंटातील कल्पनेने जुना उपद्रवच कामाला लावला. दोन अँटेनांनी एकाच कंप्रतेवर दोन वेगळे संदेश पाठवले, तर ग्राहकाच्या दोन अँटेनांवर त्यांची दोन मिश्रणे येतात. परावर्तनांमुळे ही मिश्रणे पुरेशी भिन्न असतील, तर दोन अज्ञातांची दोन समीकरणे सोडवावीत तसे संदेश वेगळे काढता येतात. समीकरणे जवळजवळ सारखी असली, तर व्यत्यय पूर्ण काढण्याच्या हट्टात उपकरणातील गोंगाटच कैकपटीने वाढतो. म्हणून प्रत्यक्षात थोडा व्यत्यय सहन करून एकूण चूक किमान ठेवणारी पद्धत अधिक उपयोगी ठरते.

समीकरणांतील गुणक कळावेत म्हणून ओळखीचे पथदर्शी संकेत मधून मधून पाठवावे लागतात. 2500 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी 12 सेंटीमीटर असते. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी अर्धी लांबी साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास ओलांडते, आणि तेवढ्यात जुने गुणक निरुपयोगी होऊ शकतात. खराडीसारख्या दाट वस्तीत काचा आणि काँक्रीट परावर्तने भरपूर पुरवतात, पण गाड्या व माणसे ती सतत बदलत राहतात.

2010 नंतर टॉवरवर डझनावारी अँटेना बसवून प्रत्येक ग्राहकाकडे स्वतंत्र झोत वळवण्याची पद्धत पुढे आली. तिची अडचण अशी, की पथदर्शी संकेतांची संख्या मर्यादित असल्याने शेजारच्या टॉवरच्या क्षेत्रात तेच संकेत पुन्हा वापरावे लागतात, त्यामुळे मोजमापातच परक्या ग्राहकाची भेसळ होते. आणि त्या मोजमापावर आखलेला झोत काही अंशी त्या परक्याकडेच वळतो.