फड पद्धत : मोसम-आरम खोऱ्यांतील पाण्याच्या मर्यादेचा इतिहास

फड पद्धत ही नाशिक आणि धुळे जिल्ह्यांतील नद्यांचे पाणी गावाने मिळून वापरण्याची जुनी व्यवस्था आहे. बागलाण तालुक्यातील मोसम व आरम आणि धुळे जिल्ह्यातील पांझरा या नद्यांच्या काठी ती रुजली. मोसम मालेगावजवळ गिरणेला मिळते, आरमही गिरणेलाच मिळते. पुढे हे सारे पाणी तापीत जाते. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही या भागातील बंधारे आणि पाट यांची नोंद आहे. नदीचे पाणी मोजके आणि वाटेकरी पुष्कळ, अशा स्थितीत एकाच्या हव्यासापायी सगळ्यांचे पीक बुडू नये, यासाठी ही व्यवस्था उभी राहिली.

तिची रचना साधी होती. नदीच्या पात्रात खडक लागेल अशा जागी दगड-चुन्याचा बंधारा बांधत. पुराचे पाणी त्याच्यावरून वाहून जाई आणि उरलेल्या प्रवाहाचा काही भाग काठाच्या पाटात वळे. पाटातून चाऱ्या फुटत आणि चाऱ्यांतून शेतात पाणी जाई. जास्तीचे पाणी सांडव्यांवाटे पुन्हा नदीला मिळे, त्यामुळे खालच्या गावाच्या बंधाऱ्यालाही त्याचा उपयोग होई.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे साधारणतः तीन किंवा चार भाग पाडलेले असत. त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक घ्यायचे, हा मुख्य नियम. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात आणखी एखादे हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. नदीला पाणी किती आहे, हे पाहून कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव हंगामाच्या आधीच ठरवी. शेतकऱ्यांच्या जमिनी साधारणतः वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्याने, दुष्काळी वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा एकट्यादुकट्यावर पडत नसे. मर्यादा पिकावर घातल्यामुळे पाण्यावर ती आपोआप येई. शेजारच्या सगळ्या वावरांत हरभरा असताना एकट्याला ऊस लावता येत नसे, त्यामुळे उसाचे जादा पाणी मागण्याचा प्रश्नही उरत नसे.

नियम पाळून घेण्यासाठी माणसे नेमलेली असत. पंच निर्णय घेत, पाटकरी पाणी वाटे, जागल्या पिकांची राखण करी, तर काही गावांत या सर्वांवर हवालदाराची देखरेख असे. पाटाला लोखंडी दारे नसत. पाटकरी फावड्याने माती ओढून एका चारीचे तोंड बुजवी, दुसरीचे मोकळे करी आणि वावर भिजले की पाणी पुढच्या वावरात सोडी. आपल्या शेताला शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचे नाही, ते पाटकऱ्यानेच द्यायचे, असा रिवाज होता. पाटकरी आणि जागल्या यांना मोबदला मुख्यतः पिकातून मिळे. पीक सगळ्यांचे आले तर त्यांचा वाटाही भरला जाई, म्हणून समान वाटपात त्यांचाही स्वार्थ होता.

इंग्रजी अमदानीत १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा आला. सरकारचे लक्ष मोठ्या कालव्यांकडे वळले, तरी जुन्या बंधाऱ्यांचा कारभार बऱ्याच अंशी गावांकडेच राहिला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांची सुरुवातीची नोकरी नाशिक व खानदेश भागात झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. ऊस ठरावीक क्षेत्रापुरता ठेवायचा आणि उरलेल्या क्षेत्रात कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यायची, हे तिचे सूत्र फडाच्या नियमाशी जवळचे आहे.

विसाव्या शतकात फड खिळखिळे झाले. स्वातंत्र्यानंतर मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर ही धरणे झाली आणि पाणी कधी सोडायचे हे सरकारी खात्याच्या हाती गेले. त्याहून खोल बदल विहिरी आणि विजेच्या पंपांनी घडवला. पाटाच्या पाझराने भरणारी विहीर फडाच्या हद्दीत असली, तरी तिचे पाणी पंचांच्या हिशेबात येत नव्हते. विहीरवाला फडाचे पीक सोडून ऊस लावू शकत होता. पाटावर मर्यादा होती, पण त्याच पाण्याच्या जमिनीखालच्या रूपावर नव्हती. हिशेबाबाहेरचा उपसा वाढत गेला, तसे ठरलेल्या पाळ्यांना अर्थ उरला नाही.

हिशेबाबाहेरच्या वापराचा असाच प्रश्न एकविसाव्या शतकात संगणकांपुढेही आला. एका सर्व्हरवर अनेक कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रॅमचे गट, चालतात. प्रत्येक कंटेनर स्वतंत्र यंत्रासारखा दिसला, तरी सगळ्यांचे कर्नेल, म्हणजे यंत्राची साधने वाटून देणारा संगणक प्रणालीचा गाभा, एकच असते. लिनक्स या कर्नेलमध्ये अशा प्रत्येक गटाला मेमरीची मर्यादा घालण्याची सोय २००८ साली आली, पण ती मुख्यतः प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वापरातील मेमरीपुरती होती. फायलींच्या नोंदी, प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक यांसाठी कर्नेलने त्या कंटेनरपायी खर्च केलेली मेमरी कोणाच्याच खाती पडत नसे. परिणामी एखादा कंटेनर मर्यादेत राहूनही असंख्य प्रोसेस किंवा फायली तयार करून सगळा सर्व्हर ठप्प करू शके. लिनक्सच्या २०१३ मधील ३.८ आवृत्तीत कर्नेलची ही मेमरी मोजण्याची व्यवस्था झाली. आरंभी तिच्यासाठी वेगळी मर्यादा होती, पण दोन मर्यादांचा मेळ राखणे कठीण गेले. म्हणून २०१६ मध्ये स्थिर झालेल्या नव्या रचनेत दोन्ही खर्च एकाच मर्यादेत धरले गेले. वरचा आणि आतला वापर एकत्र मोजला, तेव्हाच मर्यादा खरी ठरली.

नाशिक जिल्ह्यातील पाणीवाटपही याच दिशेने गेले. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात १९९० च्या सुमारास ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभारल्या. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत या कामाला चालना दिली. संस्थेला पाणी घनमापाने मोजून मिळू लागले आणि त्याचे आतले वाटप सभासद ठरवू लागले. कालव्याचे पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत अडवून विहिरींची पातळी वाढवण्याचेही काम झाले, म्हणजे जमिनीवरचे आणि जमिनीखालचे पाणी एकत्र विचारात घेतले गेले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने अशा संस्थांना कायदेशीर अधिकार दिले, तर २००९ च्या भूजल अधिनियमाने विहिरींचा उपसा नियमाखाली आणण्याची तरतूद केली. फडाने पाटाच्या पाण्याला घातलेली शिस्त भूजलालाही लावण्याचा मार्ग या कायद्यांनी खुला केला. तो प्रत्यक्षात उतरवायचा तर विहिरींचा हिशेबही पाटाइतक्याच काटेकोरपणे गावागावांत ठेवला गेला पाहिजे.