वसईचे तह आणि पुण्याचा स्टुडिओ

गोखिवऱ्याहून स्टेशन ओलांडून पश्चिमेकडे गेले की वसईचा किल्ला लागतो. हा मुलूख 1534 मध्ये बहादूरशहाने पोर्तुगीजांना तहाने दिला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो वेढा घालून घेतला. होळकरांपुढे पुणे सोडावे लागलेल्या दुसऱ्या बाजीरावाने 1802 च्या अखेरीस इंग्रजांशी तह केला, तोही इथेच. मालकी बदलण्याचे सलोख्याचे आणि सक्तीचे असे दोन्ही प्रकार आम्हां वसईकरांच्या परिचयाचे आहेत. व्हिडिओ गेमच्या धंद्यातील खरेदीविक्रीचा इतिहास चाळताना म्हणूनच आम्हांला फारसे नवल वाटले नाही.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड 6,870 कोटी डॉलरना घेतली, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. असो. आम्हांला अधिक बोलका वाटतो तो पुण्यातला एक लहान व्यवहार.

फ्रान्समधील ब्रिटनीच्या गियमो भावांनी 1986 मध्ये युबिसॉफ्ट काढली. पुढे त्यांच्यापैकी मिशेल यांनी मोबाइलवरील खेळांसाठी गेमलॉफ्ट उभी केली. तिचा पुण्यात स्टुडिओ होता, तो 2008 मध्ये युबिसॉफ्टकडे गेला. एका भावाच्या वाड्यातली खोली दुसऱ्याच्या वाड्याला जोडावी, तसा हा प्रकार. पण याच कारकुनी बदलाने पुढे पुण्याचे दैव ठरवले.

2015 मध्ये विवेंडी या बड्या फ्रेंच कंपनीने दोन्ही भावांच्या कंपन्यांचे शेअर बाजारातून उचलायला सुरुवात केली. जून 2016 मध्ये गेमलॉफ्ट पडली आणि मिशेल यांना स्वतःच उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. युबिसॉफ्टने मात्र तग धरला; मार्च 2018 मध्ये विवेंडीने आपला 27 टक्क्यांहून अधिक हिस्सा सुमारे 200 कोटी युरोंना विकून माघार घेतली. पुण्याची मंडळी 2008 मध्येच दुसऱ्या वाड्यात गेली असल्याने या वेढ्यातून सुटली.

सुटली खरी, पण स्वतःची म्हणावी अशी कामगिरी अजून त्यांच्या वाट्याला यायची होती. ती सप्टेंबर 2020 मध्ये आली. 2003 मधील 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवण्याचे काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचे युबिसॉफ्टने जाहीर केले. पहिली झलक दिसताच चित्रणावर जगभरातून टीका झाली. तारखा पुढे सरकल्या. मे 2022 मध्ये ते काम मूळ खेळ जिथे घडला त्या मोंट्रियलकडे सोपवण्यात आले. या वेळी शेअर विकले गेले नव्हते, तह झाला नव्हता, मालकही तोच होता. अशा हस्तांतराची नोंद खरेदीविक्रीच्या इतिहासात होत नाही. ती व्हायला हवी, असे आमचे मत आहे, कारण कारागिराच्या दृष्टीने खरे राज्य बदलले ते याच दिवशी.

जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्टने तो खेळच रद्द केला.