सन १८७३ : अमेरिकेच्या इतिहासातील आश्वासन आणि माघार

प्रस्तावना :

इतिहासाच्या अध्यापनात सनावळीकडे आज काहीशा उपेक्षेने पाहिले जाते. घटना, जन्म आणि मृत्यू यांची यादी म्हणजे इतिहास नव्हे, हे खरेच आहे. तथापि एखाद्या वर्षाची यादी काळजीपूर्वक वाचली, तर त्या समाजाने कोणत्या वळणावर कोणती दिशा स्वीकारली, हे तिच्यातून स्पष्ट होऊ शकते. अमेरिकेच्या इतिहासातील सन १८७३ हे असेच एक वर्ष होय. या वर्षी सान फ्रान्सिस्कोत केबल कार धावली आणि लेव्ही स्ट्रॉस व जेकब डेव्हिस यांना धातूच्या रिव्हेट ठोकलेल्या विजारींचे एकस्व मिळाले. परंतु याच वर्षी यादवी युद्धानंतर दिलेल्या समतेच्या आश्वासनापासून अमेरिकन राष्ट्राची माघार सुरू झाली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. योगायोग असा की, याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी जनतेला अर्पण केला. या दोन गोष्टी एकत्र वाचणे मराठी अभ्यासकाला आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी :

यादवी युद्धाच्या अखेरीस अमेरिकेच्या राज्यघटनेत तीन महत्त्वपूर्ण दुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी नष्ट केली, चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले, तर पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. या कालखंडाला इतिहासकार ‘पुनर्रचनेचा कालखंड’ म्हणतात. दिनांक ४ मार्च १८७३ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली, तेव्हा या तिन्ही दुरुस्त्या कागदावर अबाधित होत्या. त्यांचा प्रत्यक्ष अर्थ काय, हा प्रश्न मात्र पुढील सहा आठवड्यांतच ऐरणीवर आला.

एप्रिलमधील तीन दिवस :

लुईझियाना राज्यात १८७२ च्या निवडणुकीचा निकाल वादग्रस्त ठरला होता. राज्यपालपदावर दोन पक्षांचे दोन दावेदार होते व स्थानिक पदांवरही तीच स्थिती होती. ग्रँट पॅरिश या जिल्ह्यातील कोलफॅक्स गावी कृष्णवर्णीय रिपब्लिकनांनी न्यायालयाच्या इमारतीचा ताबा राखला होता. दिनांक १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, सशस्त्र श्वेतवर्णीयांच्या जमावाने तोफेसह हल्ला केला आणि इमारतीला आग लावली. शरण आलेल्या अनेकांना नंतर गोळ्या घालण्यात आल्या. मृत कृष्णवर्णीयांच्या संख्येविषयी इतिहासकारांचे अंदाज साधारणतः ६० ते १५० असे आहेत. श्वेतवर्णीयांपैकी तिघे मरण पावले. ज्या जिल्ह्यास राष्ट्राध्यक्षांचे व ज्या गावास त्यांचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचे नाव होते, तेथेच हे घडावे, ही बाब बोलकी आहे.

दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘कत्तलखाना खटल्यां’चा निकाल दिला. प्रकरण वरकरणी साधे होते. लुईझियाना राज्याने १८६९ मध्ये न्यू ऑर्लिन्स परिसरातील जनावरांच्या कत्तलीचा मक्ता २५ वर्षांसाठी एका कंपनीस दिला व इतर खाटिकांनी त्यास आव्हान दिले. पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने मक्ता वैध ठरविला. परंतु त्यासाठी न्यायमूर्ती सॅम्युएल मिलर यांनी राष्ट्राचे नागरिकत्व आणि राज्याचे नागरिकत्व असा भेद केला व चौदाव्या दुरुस्तीतील विशेषाधिकारांचे कलम केवळ राष्ट्रीय नागरिकत्वाच्या मोजक्या हक्कांपुरते मर्यादित केले. या दुरुस्त्यांचा मुख्य हेतू मुक्त झालेल्या गुलामांचे रक्षण हा होता, हे न्यायालयाने मान्य केले आणि त्याच निकालात त्या रक्षणाचे एक प्रमुख साधन निष्प्रभ केले. या खटल्यात पक्षकार कृष्णवर्णीय नव्हते. परिणाम मात्र सर्वाधिक त्यांनाच भोगावे लागले.

तिसऱ्या दिवशी, १५ एप्रिल रोजी, मायरा ब्रॅडवेल यांचा दावा फेटाळला गेला. ‘शिकागो लीगल न्यूज’ या नियतकालिकाच्या संपादक असलेल्या या विदुषीस केवळ स्त्री म्हणून वकिलीची सनद नाकारण्यात आली होती. सरन्यायाधीश सॅल्मन चेस यांनी एकट्यानेच विरोधी मत नोंदविले. दिनांक ७ मे रोजी चेस यांचे निधन झाले.

मताधिकाराचा खटला :

सुसान बी. अँथनी यांनी नोव्हेंबर १८७२ मध्ये रोचेस्टर येथे मतदान केले होते. चौदाव्या दुरुस्तीनुसार स्त्री ही नागरिक आहे आणि म्हणून मतदार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जून १८७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॅनानडेग्वा येथे खटला चालला. न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी ज्यूरीला विचारविनिमयाची संधी न देता दोषी ठरविण्याचा आदेश दिला व १०० डॉलर दंड ठोठावला. अँथनी यांनी तो कधीही भरला नाही. याच हंट यांनी कत्तलखाना खटल्यांत बहुमताच्या बाजूने मत दिले होते. स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती त्यानंतर ४७ वर्षांनी, १९२० मध्ये संमत झाली.

आर्थिक अरिष्ट आणि त्याचे परिणाम :

दिनांक १८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुक अँड कंपनी ही प्रख्यात पेढी बुडाली. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या रोख्यांत तिचे भांडवल अडकले होते. न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला आणि सुरू झालेली मंदी १८७९ पर्यंत टिकली. या अरिष्टाची झळ मुक्त गुलामांनाही बसली. त्यांच्या बचतीसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेली फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक १८७४ मध्ये बंद पडली व ६०,००० हून अधिक ठेवीदारांची पुंजी अडकली. उत्तरेतील मतदारांचे लक्ष दक्षिणेतील हक्कांकडून रोजगार व चलनाकडे वळले आणि १८७४ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमत संपुष्टात आले. १८७६ मध्ये क्रुकशँक खटल्यात कोलफॅक्सच्या दोषींची शिक्षा रद्द झाली. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी व्यक्तींना नव्हे, असे कारण न्यायालयाने दिले. १८७७ मध्ये पुनर्रचनेचा कालखंड संपला.

जन्म आणि मृत्यू :

दिनांक २३ डिसेंबर १८७३ रोजी सारा ग्रिमके यांचे निधन झाले. दक्षिण कॅरोलिनातील गुलामांचे मालक असलेल्या घराण्यात जन्मूनही गुलामगिरी व स्त्रियांचे दास्य या दोहोंविरुद्ध त्यांनी लेखणी झिजविली होती. तत्पूर्वी १६ नोव्हेंबर रोजी अलाबामात डब्ल्यू. सी. हँडी यांचा जन्म झाला. पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या या पुत्राने पुढे ‘ब्लूज’ संगीत लिपिबद्ध करून जगापुढे आणले. आश्वासन देणारी पिढी निवर्तत होती आणि आश्वासनभंगाची वेदना स्वरांत मांडणारी पिढी जन्मास येत होती, असे या दोन नोंदींवरून म्हणता येईल.

पुण्यातील संदर्भ :

‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेत फुले यांनी अमेरिकेतील जनतेच्या निःस्वार्थ त्यागाचा गौरव केला आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त केली. कोलफॅक्सच्या पार्श्वभूमीवर ही कृतज्ञता भाबडी होती काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. त्यांचा गौरव गुलामगिरी संपविणाऱ्या कृतीचा होता. त्याहून महत्त्वाचे असे की, फुले केवळ ग्रंथ लिहून थांबले नाहीत. दिनांक २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. कायदा बदलल्याने दास्य आपोआप संपत नाही, त्यासाठी पीडितांचे स्वतःचे संघटन लागते, हे सूत्र या कृतीत अनुस्यूत आहे. अमेरिकेतील त्या वर्षाच्या घटनांनी तेच सूत्र व्यस्त मार्गाने सिद्ध केले.

समारोप :

कोलफॅक्स येथे १९२१ मध्ये मृत श्वेतवर्णीयांच्या गौरवार्थ स्तंभ उभारला गेला. १९५० च्या सुमारास लावलेल्या फलकावर या हत्याकांडास ‘दंगल’ म्हटले होते. तो फलक २०२१ मध्ये काढण्यात आला आणि २०२३ मध्ये, १५० वर्षांनी, कृष्णवर्णीय बळींची नावे कोरलेले स्मारक तेथे उभे राहिले. म्हणजे एका घटनेस योग्य शब्द मिळण्यास दीड शतक जावे लागले. राज्यघटनेतील शब्दांचा अर्थ न्यायालयात, मतपेटीजवळ, बाजारात आणि गावच्या फलकावरही ठरत असतो. आपल्या राज्यघटनेतील समतेची कलमे वर्गात शिकविताना १८७३ ची ही यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.