वनस्पतिजन्य रंगद्रव्ये आणि मानवी आरोग्य

वनस्पतिजन्य रंगद्रव्ये म्हणजे पाने, फुले, फळे, मुळे व कंद यांना रंग देणारी नैसर्गिक सेंद्रिय संयुगे होत. त्यांपैकी अनेक संयुगांमध्ये ऑक्सिडीकरणास प्रतिबंध करण्याचा गुणधर्म आढळतो. अशा पदार्थांना प्रतिऑक्सिडीकारक किंवा अँटिऑक्सिडंट म्हणतात. आहारातील रंगीत भाज्या व फळे आरोग्यास हितकारक मानली जातात, मात्र वेगळ्या काढलेल्या रंगद्रव्यांच्या गोळ्यांपासून तोच लाभ मिळतो असे सिद्ध झालेले नाही.

प्रमुख प्रकार

हरितद्रव्य : पानांचा हिरवा रंग यामुळे येतो. पालक, मेथी, शेवगा यांच्या पानांत कॅरोटिनॉइडेही विपुल असतात, परंतु ती हरितद्रव्याखाली झाकली जातात.

कॅरोटिनॉइडे : ही पिवळी, नारिंगी व तांबडी रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळतात. गाजर, पपई व आंबा यांतील बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. टोमॅटोतील लायकोपीनपासून ते तयार होत नाही. ल्युटीन व झिॲझँथिन ही डोळ्याच्या दृष्टिपटलात साठतात.

अँथोसायनिने : ही पाण्यात विरघळतात. जांभूळ, कोकम व वांग्याची साल यांचा रंग त्यांमुळे येतो. आम्ल माध्यमात ती तांबडी, तर अल्कधर्मी माध्यमात निळसर दिसतात.

बीटालेने : बीट व तांबडा माठ यांत आढळतात. एकाच वनस्पतीत अँथोसायनिने व बीटालेने एकत्र आढळत नाहीत.

कुरकुमीन : हळदीचे पिवळे रंगद्रव्य. अल्कधर्मी पदार्थाच्या संयोगाने ते तांबडे होते. हळद व चुना यांपासून कुंकू तयार करण्याची पारंपरिक रीत यावरच आधारलेली आहे.

कार्यपद्धती

श्वसन व चयापचय यांच्या ओघात शरीरात मुक्त मूलके व ऑक्सिजनची क्रियाशील रूपे निर्माण होतात. त्यांचे प्रमाण वाढल्यास पेशींतील मेद, प्रथिने व डीएनए यांना इजा पोहोचते. कॅरोटिनॉइडे उत्तेजित ऑक्सिजनची ऊर्जा शोषून ती उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतात. अँथोसायनिने व कुरकुमीन मुक्त मूलकांना हायड्रोजन अणू देऊन त्यांची क्रियाशीलता शमवतात.

परीक्षानळीत दिसणारा हा परिणाम शरीरात तितक्याच प्रमाणात घडतो असे नाही. अँथोसायनिने व कुरकुमीन यांचे आतड्यातून शोषण अल्प होते आणि यकृतात त्यांचे लवकर रूपांतर होते. ही द्रव्ये शरीराच्या स्वतःच्या संरक्षक विकरांची निर्मिती वाढवून अप्रत्यक्षपणे कार्य करत असावीत, असे एक मत आहे. अन्नपदार्थांची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता दर्शवणारी आपली सारणी अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी थेट संबंध जोडता येत नाही, हे त्यामागील कारण होते.

महाराष्ट्रीय आहारातील स्थान

कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाला रंग देणारी लाल मिरची कॅप्सँथिन व कॅप्सोरुबिन या कॅरोटिनॉइडांनी युक्त असते. तिखटपणा मात्र कॅप्सेसिन या रंगहीन द्रव्यामुळे येतो. म्हणूनच ब्याडगी मिरची गडद लाल असूनही कमी तिखट असते. मिरचीचे रंगद्रव्य तेलात उतरत असल्याने रश्शाचा रंग मुख्यतः वरच्या तवंगात, म्हणजे कटात, दिसतो. याच कारणाने गाजर वा पालेभाजी थोड्या तेलात परतल्यास कॅरोटिनॉइडांचे शोषण सुधारते. याउलट अँथोसायनिने व बीटालेने भाजी उकळलेल्या पाण्यात उतरतात. ते पाणी फेकून दिल्यास ती वाया जातात.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलकढीचा गुलाबी रंग कोकमातील अँथोसायनिनांचा असतो. रंग आकर्षक दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट या विषारी, शिसेयुक्त पदार्थाची भेसळ केली जाते. त्यामुळे केवळ गडद रंग हा शुद्धतेचा पुरावा ठरत नाही.

पूरक गोळ्यांविषयीचे संशोधन

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील तत्सम चाचणी अशाच कारणाने १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. तंबाखूच्या धुरामुळे इजा झालेल्या फुप्फुसात मोठ्या मात्रेतील बीटा-कॅरोटीन उलट ऑक्सिडीकरणास साहाय्य करत असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. स्वयंपाकात चिमूटभर वापरली जाणारी हळद आणि अशा गोळ्यांतील मात्रा यांत मोठा फरक असतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचवते. त्यांत तंतुमय पदार्थ, खनिजे, जीवनसत्त्वे व रंगद्रव्ये एकत्र असल्याने, मिळणारा लाभ कोणत्याही एका घटकाच्या नावे मांडता येत नाही.