अ‍ॅपची पायरसी : छोट्या विकसकांची कोंडी

मोबाइलवरील अ‍ॅप ही दिसायला किरकोळ वस्तू असली, तरी तिच्यामागे अनेकदा दोन-चार जणांचे वर्षभराचे श्रम असतात. अशा अ‍ॅपचे कुलूप तोडून चोरटी प्रत तयार करायला मात्र फार वेळ लागत नाही. मोठ्या कंपन्यांना हे नुकसान पचवता येते. पदरचे पैसे घालून काम करणाऱ्या स्वतंत्र विकसकापुढे मात्र व्यवसाय चालू ठेवायचा की बंद करायचा, असा प्रश्न उभा राहतो. २०१० नंतरच्या काळात या विकसकांनी चोरी रोखण्यासाठी जे उपाय केले, त्यांतून चोरी थांबली नाही. अ‍ॅप विकण्याची रीत मात्र बदलली.

चोरी होते कशी?

अँड्रॉइडवरील अ‍ॅप 'एपीके' नावाच्या फाइलमध्ये बांधलेले असते. ही फाइल म्हणजे एक प्रकारचे गाठोडेच. ते उलगडण्याची साधने इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. गाठोडे सोडायचे, पैसे भरले आहेत की नाहीत हे तपासणारा आज्ञावलीचा भाग शोधून निकामी करायचा, पुन्हा सारे बांधायचे आणि त्यावर नवी डिजिटल स्वाक्षरी करायची, अशी ही पद्धत आहे. मूळ विकसकाच्या स्वाक्षरीची नक्कल करता येत नाही. परंतु अधिकृत स्टोअरबाहेरून अ‍ॅप उतरवून घेणारा ती पाहायला जात नाही.

आयफोनवरील अ‍ॅप सांकेतिक स्वरूपात असल्याने तेथे हे काम अधिक अवघड असते. तरीही 'जेलब्रेक' केलेल्या, म्हणजे कंपनीची बंधने मोडून काढलेल्या फोनवर चोरीची अ‍ॅप पुरवणारे 'इन्स्टॉलस' हे साधन डिसेंबर २०१२ मध्ये बंद होईपर्यंत लोकप्रिय होते. पुढे कंपन्यांना कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत अ‍ॅप वाटता यावीत म्हणून अ‍ॅपल जी प्रमाणपत्रे देते, त्यांचाच गैरवापर सुरू झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'रॉयटर्स' या वृत्तसंस्थेने तो प्रकाशात आणला.

आकडे काय सांगतात?

या चोरीचा स्पष्ट हिशेब मोजक्याच विकसकांनी जाहीर केला आहे. लंडनच्या 'अस्टू' या चमूने २०१४ मध्ये 'मॉन्युमेंट व्हॅली' हा खेळ बाजारात आणला. आठ जणांच्या गटाने ५५ आठवडे खपून तो तयार केला होता आणि त्यासाठी सुमारे साडेआठ लाख डॉलर खर्च आला होता. जानेवारी २०१५ मध्ये या चमूने सांगितले, की अँड्रॉइडवर ज्या फोनमध्ये हा खेळ आहे, त्यांपैकी केवळ ५ टक्के फोनसाठी पैसे भरले गेले; आयफोन-आयपॅडवर हे प्रमाण ४० टक्के होते. पैसे न भरलेली प्रत्येक प्रत चोरीचीच असते असे मात्र नाही. एकाच ग्राहकाने विकत घेतलेला खेळ आपल्या फोनवर आणि टॅबलेटवरही घेतला, तर तोही या आकड्यात मोजला जातो. चमूने स्वतःच हा खुलासा केला होता. 'मॉन्युमेंट व्हॅली'ची विक्री २४ लाखांवर गेल्याने हा खेळ तरला. इतका खप प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरातल्या 'मॅडफिंगर गेम्स' या कंपनीने जुलै २०१२ मध्ये आपल्या 'डेड ट्रिगर' या खेळाची अँड्रॉइड आवृत्ती मोफत करून टाकली. त्याची किंमत एक डॉलरहून कमी होती, तरीही चोरीचे प्रमाण कल्पनेपलीकडचे असल्याचे कारण कंपनीने दिले. थोड्याच दिवसांत आयफोनवरही तो मोफत झाला. २०१३ मध्ये आलेला त्याचा दुसरा भाग तर पहिल्या दिवसापासून मोफतच होता. खेळाच्या आत शस्त्रे आणि अन्य साहित्य विकून उत्पन्न मिळवणे हा मार्ग कंपनीने पत्करला.

कुलपांचे प्रयोग

जुलै २०१० मध्ये गुगलने विकसकांसाठी परवाना-तपासणीची सोय उपलब्ध करून दिली. अ‍ॅप सुरू होताना गुगलच्या सर्व्हरला विचारून ग्राहकाने ते खरोखर विकत घेतले आहे की नाही, याची खात्री करणे हे तिचे काम होते. पुढच्याच महिन्यात ही तपासणी चुकवण्याची रीत उघड झाली. जे कुलूप ग्राहकाच्या हातातील फोनमध्येच असते, ते आज ना उद्या उघडले जाते, हे त्यातून दिसून आले.

त्यामुळे तपासणी विकसकाच्या सर्व्हरवर नेण्याकडे कल वाढला. जुलै २०१२ मध्ये आयफोनवरील अ‍ॅपअंतर्गत खरेदी फुकटात पदरात पाडून घेण्याची युक्ती पसरली, तेव्हा ज्यांची अ‍ॅप खरेदीची पावती स्वतःच्या सर्व्हरवर तपासत होती, ते विकसक त्या मानाने सुरक्षित होते. अ‍ॅप मूळ स्वरूपात आहे का आणि ते परवानाधारक खात्यावर चालते आहे का, हे सर्व्हरला कळवणारी 'प्ले इंटिग्रिटी' ही सोय आता गुगलने दिली आहे. मात्र सर्व्हर चालवण्याचा खर्च एकट्या विकसकाला जड जातो. शिवाय तपासणी फार कडक ठेवल्यास रेल्वेच्या प्रवासात नेटवर्क गेलेल्या प्रामाणिक ग्राहकाचेही अ‍ॅप बंद पडते.

'ग्रीनहार्ट गेम्स' या दोन भावांच्या कंपनीने वेगळाच मार्ग निवडला. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी संगणकावरील 'गेम डेव्ह टायकून' हा खेळ विक्रीस ठेवला आणि त्याच वेळी त्याची 'चोरटी' प्रत स्वतःच इंटरनेटवर सोडली. या प्रतीत खेळाडूने उभारलेली खेळनिर्मितीची कंपनी पायरसीमुळे हमखास बुडत असे. पहिल्या दिवशी २१४ जणांनी खेळ विकत घेतला, तर ३,१०४ जण चोरटी प्रत खेळत होते. आपली कंपनी सारखी का बुडते, अशी तक्रार त्यांतील काही जण इंटरनेटवर करू लागले.

कायद्याचा आधार

ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या 'एफबीआय'ने चोरीची अँड्रॉइड अ‍ॅप वाटणारी तीन संकेतस्थळे ताब्यात घेतली. मोबाइल अ‍ॅपच्या बाबतीत ही अशा प्रकारची पहिलीच कारवाई होती. त्यांपैकी 'अ‍ॅपबकेट'च्या दोघांनी मार्च २०१४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. या संकेतस्थळाने दहा लाखांहून अधिक प्रती वाटल्या होत्या.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कलम ६३ब नुसार सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर आर्थिक लाभासाठी नसेल, तर कैद न देता केवळ दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. तांत्रिक कुलूप तोडणे हाही २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा ठरला. परदेशातील सर्व्हरवरून चालणाऱ्या संकेतस्थळापुढे मात्र हा कायदा तोकडा पडतो. एक दुवा काढला, की दुसरा उगवतो आणि त्यांचा पाठपुरावा करण्यात विकसकाचे कामाचे दिवस वाया जातात.

फुकट अ‍ॅपची किंमत

चोरटी प्रत घेणाऱ्याचाही यात तोटा असतो. गाठोडे पुन्हा बांधताना त्यात काय मिसळले आहे, हे त्याला कळत नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये अँड्रॉइडवरील १,२६० घातक नमुने तपासले, तेव्हा त्यांतील ८६ टक्के नमुने मूळ अ‍ॅपमध्ये फेरफार करून बनवलेले आढळले. 'एजंट स्मिथ' हे घातक सॉफ्टवेअर एका त्रयस्थ स्टोअरवरून पसरल्याचे 'चेक पॉइंट' या कंपनीने जुलै २०१९ मध्ये उघड केले. त्याने ग्रासलेल्या अडीच कोटी फोनपैकी सुमारे दीड कोटी भारतातील होते.

अ‍ॅप स्वस्त करण्याचा उपायही झाला. जुलै २०१५ मध्ये गुगलने भारतातील अ‍ॅपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. २०२१ पासून छोट्या विकसकांकडून ३० ऐवजी १५ टक्के दलाली घेण्याची योजना अ‍ॅपल आणि गुगल या दोन्ही कंपन्यांनी लागू केली. तथापि तोवर बहुतेक विकसक जाहिराती, अ‍ॅपअंतर्गत खरेदी आणि मासिक वर्गणी यांकडे वळले होते. सर्व्हरवरून मिळणारी सेवा चोरणे अवघड असते, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होय. या बदलात एकदाच पैसे भरून कायमचे आपले होणारे, जाहिरात न दाखवणारे आणि नेटवर्कशिवाय चालणारे अ‍ॅप मागे पडले. असे अ‍ॅप करणारे विकसक आजही आहेत. वारंवार सुधारित आवृत्त्या देणे, किंमत वाजवी ठेवणे आणि ग्राहकांशी थेट संबंध राखणे यांवर त्यांची भिस्त असते. चोरट्या प्रतीला हे काहीच देता येत नाही.