तारेपलीकडचे पाणबुडीवाले

साकीनाका मेट्रोचा जिना उतरा, पण अंधेरी-कुर्ला रस्त्यावर नको. थेट एप्रिल १९४५ मध्ये उतरा, उत्तर जर्मनीत, वेस्टरटिम्के गावाजवळच्या छावणीत. तुम्ही आता दापोलीकडचे खलाशी आहात. वरून मालवाहू दिसणाऱ्या, आत तोफा लपवलेल्या जर्मन नौकेनं तुमचं जहाज बुडवलं, तेव्हापासून तुम्ही कैदेत. आधी सांडबोस्टेल, १९४२ पासून इथे, मिलागमध्ये. मिलाग व्यापारी जहाजांवरच्यांसाठी. तारेपलीकडचं मार्लाग ब्रिटिश नौदलाचं; तिथे पाणबुडीवालेही आहेत.

लंडनहून इंडियन कम्फर्ट्स फंडाचं पार्सल येई, तेव्हा आटा, डाळ, मसाला मिळे. त्या दिवशी बराकीला फोडणीचा वास सुटे आणि कुणीच कुणाशी भांडत नसे.

एप्रिल सरता सरता ब्रिटिश रणगाडे फाटकाशी येतात. सुटलात. आता घरी.

गोऱ्यांच्या घरवापसीलाही काटे होते. मे १९४० मध्ये ब्रिटिशांची ‘सील’ पाणबुडी सुरुंगानं घायाळ झाली, कॅटेगॅटमध्ये शत्रूच्या हाती पडली; माणसं पाच वर्षं कैदेत. कप्तान रूपर्ट लॉन्सडेलवर १९४६ मध्ये कोर्ट मार्शल बसलं आणि तो सन्मानानं सुटला. छळच म्हणा, पण त्याचं म्हणणं कुणीतरी मांडी ठोकून ऐकून घेतलं! तुम्हाला कोण विचारणार? पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम पाव. या युद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी गेले, १,२१७ कैद झाले. त्या दुसऱ्या आकड्यातले तुम्ही एक.

मुंबई येते ती ऐन पावसात. व्हिक्टोरिया गोदी ओळखूच येत नाही. १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज स्फोटात इथेच फुटलं, हे तुम्हाला हमालाकडून कळतं. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद. चार वर्षांनी परतलात, तरी गाव गणपतीपर्यंत लांबच.

डोंगरीत गावकीच्या खोलीत वळकटी टाकता. खोलीत काही खुंट्या रिकाम्या आहेत. कोणाच्या, ते विचारत नाही. दोन दिवसांनी खलाशी जमवणारा सारंग दारात उभा. नव्या जहाजावर जागा आहे म्हणतो. फक्त आधी त्याचे हात ओले करावे लागतील.